मफलर म्हणजे उजवीकडे

“दादा, मफलर नीट घे” म्हणजे उजवीकडे. “हातमोजे घाल” म्हणजे डावीकडे. “नाक पूस” म्हणजे वर, झाडावर. मी एकदा खोकले की पक्षी, दोनदा खोकले की चार पायांचं काहीतरी. सात हिवाळे मी हेच बोलत आले, आणि पाहुण्यांना वाटायचं, काय कजाग बहीण आहे, सहासष्ट वर्षांच्या माणसाला चारचौघांत नाक पुसायला लावते!

आमच्याकडे, पार उत्तरेला, हिवाळ्यात माणसं येतात ती प्राणी बघायला. बर्फातले रुंद जोडे पायांत चढवायचे, सरोवराच्या काठाकाठानं दोन तास चालायचं आणि सारस, हरणं, कोल्हे बघायचे. नशीब जोरावर असेल तर ढोलीतून डोकावणारी उडती खारही दिसते. हे हिंडवून आणायचं काम मित्सुगुदादाचं. या अख्ख्या पट्ट्यात त्याच्यासारखी नजर कुणाची नाही, असा त्याचा लौकिक. इंटरनेटवर कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘वाटाड्याची नजर देवाची आहे. बहीण मात्र फार किरकिर करते.’

देवाची नजर म्हणे! त्या देवाला समोर बसलेल्या बहिणीचं तोंडसुद्धा धड दिसत नव्हतं, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

वहिनी गेली तेव्हा मी चिबाला एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. “एकच हिवाळा,” असं सांगून दादाकडे आले. त्याच हिवाळ्यात त्यानं एका ओंडक्याला कोल्हा म्हणून दाखवलं. पाहुणे हसले, त्यांना ती गंमत वाटली. मला नाही वाटली. घरी आल्यावर फैलावरच घेतलं, तेव्हा म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी म्हटलं, मग काढून टाक, आजकाल काय एवढं त्याचं! सुईला घाबरणारा माणूस तो. मी महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठं कुशिरोला डॉक्टरांकडे जाऊन आला आणि म्हणाला, “ते म्हणतात, आतला पडदाच गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. इसो, कुणाला सांगू नकोस. हे काम गेलं तर माझ्याकडे उरतं काय?”

झालं. मी अडकले ती तिथंच.

तेव्हापासून चालताना मी पुढं, तो माझ्या मागं. माझ्या पाठपिशवीला मुद्दाम लाल पट्टा शिवला होता, तेवढाच त्याला अंधुक दिसतो म्हणायचा. मी बघायचं, मी खोकायचं, मी किरकिरायचं, आणि मग दादानं हात वर करून खालच्या आवाजात म्हणायचं, “हलू नका. उजवीकडे, झुडपाशी.” सगळे आ वासून बघायचे. हळूहळू माझे डोळे माझे राहिलेच नाहीत. एखादा कोल्हा मला स्वतःला आवडला की नाही, हेही मला कळेनासं झालं होतं. सकाळी दार उघडावं तर समोर बर्फाची भिंत, ती उपसावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. नोव्हेंबर आला की माझा जीव घुसमटायला लागायचा.

माझी मैत्रीण सुमिए पार दक्षिणेला, नाहाला, जेवणाच्या डब्यांचं दुकान चालवते. तिकडं जानेवारीत चेरी फुलते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी तिच्याकडे तीन आठवडे राहून आले, अंगावर ऊन घेतलं, समुद्रात पाय सोडून बसले. “राहा की इथंच, दोघी मिळून दुकान बघू,” ती म्हणाली होती. दादाच्या डोळ्यांसाठी परत आले. मागच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. यंदा तिचा फोन आला. “इसोको, हे शेवटचं. माझे गुडघे गेलेत. मंगळवारपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी बाई ठेवते.”

सोमवारी सकाळी न्याहारीला बसल्यावर मी सांगून टाकलं. “दादा, मी नाहाला जाते. कायमची.”

तो मासा खात होता. काटे काढून ताटलीच्या कडेला ओळीनं लावत होता. त्याच्या हाताला सवय आहे, असंच मी धरून चालले होते. म्हणाला, “जा की. तुला अडवलंय कोणी?”

“तुझं काय?”

“माझं काय व्हायचंय? पाहुणे बंद करीन. स्टोव्हपाशी बसून राहीन.” आणि मिसोच्या सूपची वाटी घ्यायला हात पुढं केला, तो चाचपडत गेला आणि वाटी कलंडली. सगळं सूप त्याच्या मांडीवर.

मी फडकं आणलं, पुसलं. पुसता पुसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याची दया येऊन की माझीच, कुणास ठाऊक. या माणसाला सोडून मी कशी जाणार होते? गेलेच असते तर रोज सकाळी सूप समोर आलं की माझ्या डोळ्यांपुढं हीच वाटी कलंडली असती.

दहा वाजता पाहुणे आले. ओसाकाचं एक अबोल जोडपं, आणि तोयोशिमा नावाच्या सत्तरीच्या एक बाई. त्यांच्या गळ्यात त्यांच्याहून जड दुर्बीण, डोक्यावर गोंड्याची पिवळी टोपी आणि तोंडाला खंड नाही. “मला पांढऱ्या खांद्यांचा गरुड दाखवाच बरं का! बाकी काही नको. माझ्या यजमानांना बघायचा होता, तो न बघताच ते गेले. मी त्यांच्या वाटचा बघणार.”

“दिसेल, दिसेल,” दादा काळा चष्मा सारखा करत म्हणाला. दोन वर्षांपासून तो बाहेर हा चष्मा घालायचा. बर्फाची चमक टोचते म्हणायचा.

नदी सरोवराला मिळते त्या जागेपाशी पोचलो, आणि मला गरुड दिसला. वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर, चांगला थोराड, पिवळीधमक चोच. मी तोंड उघडलं. “दादा, नाक पूस” एवढंच म्हणायचं होतं.

ते माझ्या तोंडातून निघेना.

का ते सांगते. वाटलं, एकदा, फक्त एकदा मी गप्प बसले तर काय होईल? उघडं पडेल सगळं. पडू दे! मग त्याला कबूल करावं लागेल, मग कुणीतरी दुसरं येईल मदतीला, गावातले येतील, आणि माझी सुटका होईल. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि जोड्यांकडे बघत उभी राहिले.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ओसाकावाले पाय आपटायला लागले. तोयोशिमाबाई दुर्बीण भलतीकडे लावून बसलेल्या. दादा हात खिशात घालून खांबासारखा उभा. त्याचं तोंड एकदा माझ्याकडे वळलं, मग सरोवराकडे.

“आज काही नाही वाटतं?” तोयोशिमाबाईंनी विचारलंच.

“वारा फिरलाय,” दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका केविलवाणा मी कधी ऐकला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. आंधळ्या भावाला मी पाहुण्यांसमोर असं उभं करत होते. म्हटलं, इसोको, पुरे झालं, सांगून टाक.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि बाईंची पिवळी टोपी उडाली. ती घरंगळत थेट सरोवरावर गेली. “अगं बाई, माझी टोपी! त्यांनी घेतलेली हो ती!”

“थांबा, मी आणते,” असं म्हणून मी निघालेसुद्धा. खरं तर मला तिथून कुठंही जायचं होतं. सरोवर जानेवारीपासून गोठलेलं, वर ताजा बर्फ, सगळं सपाट पांढरं. टोपी चाळीस-पन्नास पावलांवर थांबली होती. डोळ्यांत पाणी होतं, ते वाऱ्यानं गारठून टोचत होतं. मी नाक ओढत, खाली मान घालून चालत राहिले.

“इसो! थांब!”

दादाचा आवाज. असं ओरडताना मी त्याला लहानपणी ऐकलं होतं, मी विहिरीत वाकले होते तेव्हा.

“पाय उचलू नकोस! उजव्या पायापुढं बर्फ काळपट पडलाय. दोन हातांवर! खाली पाणी आहे. टोपी सोड!”

मी बघितलं. खरंच, बर्फावर ओल धरली होती, दुधावर चहाचा थेंब पडावा एवढीच. काठाला गरम झरे आहेत आमच्याकडे, त्यातला एखादा यंदा इकडं सरकला असणार. पायाखाली कुरकुर झाली.

“खाली बस. हळू. आडवी हो, पोटावर. आता डावीकडे बघ, कोल्ह्याची पावलं दिसतायत?”

मला काही दिसेना. सगळं पांढरं.

“तुझ्या कोपरापासून एक हात लांब! एका ओळीत गेलीत. त्याच्यावरून सरपटत ये. तो जिथं वळलाय तिथं वळ. तो शहाणा आहे, त्याला ठाऊक असतं.”

मी तोंड बर्फाला लावून बघितलं तेव्हा ती पावलं मला दिसली. बारीक, अर्धी बुजलेली. त्यांच्यावरून पोटावर सरपटत निघाले. मागं कडकड आवाज झाला. वळून पाहायची हिंमत नव्हती. कोल्हा वळला तिथं वळले. आणि त्या वळणावरच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हातभर लांबून मला न दिसलेली पावलं त्याला काठावरून दिसली होती.

काठाशी आले तसं दादानं गुडघाभर बर्फात उतरून मला काखेत हात घालून ओढून घेतलं. मी मागं पाहिलं. पिवळी टोपी होती तिथं आता काळं पाणी होतं. ओसाकावाल्या बाईंनी थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला. तोयोशिमाबाई रडत होत्या, “माझ्या टोपीपायी हो, माझ्या मेलीच्या टोपीपायी!” दादानं काळा चष्मा काढला होता. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या डोळ्यांत, सरळ, नीट. मग त्यानं खाली बघितलं.

मी चहा संपवला. पेला परत दिला. मग म्हणाले, “दादा, नाक पूस.”

मी खोकले नाही. एकदाही नाही.

त्याचं नाक खरंच वाहत होतं. ते त्यानं बाहीनं पुसलं आणि मान वर न करताच हात उचलला. “वठलेल्या झाडावर. शेंड्याला. पांढऱ्या खांद्यांचा आहे.”

“अगंबाई! खरंच की!” तोयोशिमाबाईंनी दुर्बीण लावली. “आत्ता आला का हो?”

“नाही,” दादा म्हणाला.

“किती वेळ बसलाय?” मी विचारलं.

“आपण आल्यापासून.”

“मग आधी सांगायचं नाही का!” बाई त्याच्यावर खेकसल्या.

दादानं काढलेला चष्मा खिशात घातला.

पाहुणे गेल्यावर आम्ही स्टोव्हपाशी बसलो. मी ओले कपडे बदलले होते.

“कधीपासून?”

“दोन वर्षं. तू नाहाला गेली होतीस ना, तेव्हा.”

“तेव्हा तू दातांसाठी कुशिरोला गेला होतास!”

“ऑपरेशन करून घेतलं. दातही दाखवले.”

“तोंड बघा! दातही दाखवले म्हणे! आणि पडदा गेलाय म्हणालास ते?”

“पहिल्या खेपेला दारातूनच परत आलो होतो. सुई बघून.” तो हातावर हात चोळत म्हणाला. “सांगणार होतो गं. तू स्टेशनवर उतरलीस तेव्हा सांगणारच होतो. पाच वर्षांत पहिल्यांदा तुझा चेहरा नीट दिसला. काळी झाली होतीस, खूष होतीस. सारखी समुद्र, समुद्र. म्हटलं, हिला सांगितलं की ही चालली.”

“गेलेच असते!”

“म्हणून तर.”

मी उठून उभी राहिले. मला त्याला मारावंसं वाटत होतं. “दोन हिवाळे, दादा! दोन हिवाळे मी वेड्यासारखी मफलर, हातमोजे, नाक करत हिंडले. आणि तू माझ्यामागं दात विचकत!”

“हसलो नाही कधी. एकदाही नाही, शपथ.”

“सकाळचं सूप मुद्दाम सांडलंस?”

तो स्टोव्हकडे वळला. “हो,” म्हणाला. “भाजलं पण.”

मला हसू आलं नाही. वाटलं होतं येईल, पण नाही आलं. मी त्याच्यादेखत सुमिएला फोन लावला आणि म्हटलं, येते. ती आनंदानं ओरडली, ते दादाला तिथवर ऐकू गेलं असणार. त्यानं उठून माझ्यासाठी भात वाढला, मासा सोलला, काटे काढून कडेला ओळीनं लावले. मी जेवले. भूक लागली होती, काय करणार.

आठ दिवसांनी तो मला बसथांब्यावर सोडायला आला. बर्फ थांबला होता. आणखी चार दिवस रागावून राहायचं मी ठरवलंच होतं. बस आली, त्यानं बॅग चढवली. मी पायरीवर पाय ठेवला तसा मागून म्हणाला, “इसो, मफलर नीट घे.”

माझी मान आपोआप उजवीकडे वळली. मैदान, तारेचं कुंपण, पलीकडे झाडं. मी डोळे ताणून पाहिलं, झुडपाशी पाहिलं, कुंपणाच्या खालीही पाहिलं.

“काय आहे? मला नाही दिसत.”

“काही नाही गं,” दादा म्हणाला. “गळा उघडा आहे तुझा.”