बिनकातड्याचे तुणतुणे

रविवार, सकाळचे दहा. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजच्या टोकाला, कोंडीरामने तुणतुण्याची खुंटी आणखी अर्धा वेढा पिळली आणि तळाची फळी मधोमध तडकली. तार सुटून त्याच्या मनगटावर बसली. रक्त आले. त्याने मनगट तोंडात धरले आणि दुसऱ्या हाताने फळीचे दोन तुकडे उजेडात धरून पाहिले.

"दरवाजा फुटला वाटतं," खिडकीत बसलेला दत्ताराम म्हणाला. तळाच्या फळीला तो थट्टेने दरवाजा म्हणे.

१९५७ चा जानेवारी चालू होता. निवडणूक तोंडावर आली होती, आणि गिरणगावात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा कलापथकाशिवाय होत नव्हती. दत्ताराम अशाच एका कलापथकात होता. तो पुढे उभा राहून गाणारा नव्हता. शाहिराच्या मागे राहून झील, म्हणजे पालुपद, धरायची आणि तुणतुणे वाजवायचे, हे त्याचे काम. त्याचे जुने तुणतुणे डिसेंबरातल्या एका सभेत पळापळ झाली तेव्हा पायाखाली चिरडले. तेही कोंडीरामनेच केलेले होते. दोघे एकाच गिरणीत होते, कोंडीराम सुतारखात्यात आणि दत्ताराम सायझिंगला.

तुणतुण्यात फारसे काही नसते. लाकडाचा पोकळ डबा, त्याला बाजूने ठोकलेली काठी, काठीच्या टोकाला खुंटी आणि एकच तार. डब्याचे तोंड उघडे असते. तळाला बकऱ्याचे कातडे ताणून बसवतात, आणि तार त्या कातड्याच्या मध्यातून आत शिरून खुंटीपर्यंत जाते. आवाज येतो तो या कातड्यामुळे. कोंडीरामने कातड्याच्या जागी शिवणीच्या लाकडाची पातळ फळी बसवली होती. आता फुटली ती दुसरी. पहिली त्याने जाड ठेवली होती. ती फुटली नाही, पण वाजलीही नाही.

"हे बघ कोंड्या," दत्ताराम म्हणाला, "पुढच्याच्या पुढच्या रविवारी नरे पार्कात सभा आहे. तोवर दे. नायतर मी भेंडीबाजारातून आणतो."

"देतो."

"कातडं लावून दे ना बाबा. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"मग डफाचं काय करतोस? तोही लाकडाचा?"

"डफ मी करत नाही. तो तुमचा तुम्ही बघा."

समोरच्या खोलीच्या दारात म्हातारा कुशाबा पेपर वाचत बसला होता. चाळीतली बरीच घरे डिसेंबरात बौद्ध झाली होती. बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी दादरच्या चौपाटीवर हजारो लोकांनी दीक्षा घेतली. त्यांत कोंडीराम होता, कुशाबाही होता.

"बावीसच्या बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत," कुशाबा पेपर खाली न करता म्हणाला. "त्यांत कातड्याचं एक अक्षर नाही. दारूचं आहे."

"ते तुम्हाला बरोबर आठवतंय, तात्या."

"आठवतं म्हणून तर घसा कोरडा पडतो. मेलेलं ढोर ओढणं आपण कधीच सोडलं रे. हे खाटकाकडचं बकऱ्याचं कातडं. त्यात काय एवढं?"

कोंडीरामने फुटलेली फळी बाजूला ठेवली. बोलला तो दत्तारामकडे बघून.

"माझा बाप गावाला तुणतुणी करायचा. गोंधळी यायचे, वाघ्ये यायचे. बाप वाद्य ओट्याखाली ठेवून मागं सरायचा. मग ते लांबून पाणी शिंपडायचे आणि उचलायचे. रात्री तेच तुणतुणं देवापुढं. बाप देवळाच्या बाहेर, आवाज ऐकत."

"तुझ्या गावाकडं—"

"तुझ्या गावाकडंबी तसंच."

दत्ताराम खिडकीतून खाली बघू लागला. त्याचे गाव खेडजवळचे. शिवणीचा ओंडका त्यानेच तिथून आणून दिला होता.

"चौपाटीवरून आलो त्या दिवशी घरातली कातडी आणि सुऱ्या बाहेर काढल्या," कोंडीराम म्हणाला. "शेवंतीला सांगितलं, आता या घरात कातडं येणार नाही. तुणतुणं मात्र मी सोडणार नाही. ते वाजवून दाखवणार."

"आणि नाय वाजलं तर?"

"मग मी वाद्यं करणं सोडीन. कातडं परत आणणार नाही."

हे त्याने रागाने म्हटले नाही. त्याने रंधा उचलला आणि तिसऱ्या फळीसाठी ओंडक्याचा तुकडा खिडकीपाशी ओढला.

खोलीत कामाला जागा नव्हती. हत्यारे खाटेखाली असत आणि काम पॅसेजच्या टोकाला, खिडकीच्या उजेडात चाले. पहिली पाळी सुटली की कोंडीराम घरी येऊन चहा घेई आणि बसे. त्या आठवड्यात त्याने फळीचा विचार वेगळ्या बाजूने केला. पातळ फळी तंतूच्या रेषेत फुटते. तर मग कागदासारखे पातळ दोन पापुद्रे काढायचे, एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे, आणि एकावर एक चिकटवायचे. एक फाटायला लागला तर दुसऱ्याने धरायचे. पापुद्रे काढताना तीन वाया गेले. दोन जमले. त्याने सरस चुलीवर गरम केला, पापुद्रे चिकटवले आणि वर बायकोचा, शेवंतीचा पाटा ठेवला. दोन दिवस चाळीत त्यांच्या घरची चटणी शेजारच्या पाट्यावर वाटली गेली.

शनिवारी त्याने फळी डब्याला बसवली. मध्याला भोक पाडून तार ओवली. तारेने लाकूड कापू नये म्हणून तिच्या गाठीखाली जुना भोकाचा पैसा घातला. खुंटी पिळली. फळी किंचित आत ओढली गेली आणि थांबली. त्याने आणखी पिळली. थांबली.

चाळीत आवाज जोखायची जागा एकच होती, खाली अंगणातला नळ. संध्याकाळी पाणी आले की तिथे हंड्यांचा आणि बायकांचा एवढा गलका असे की वरून हाक मारलेली खाली कळत नसे. दत्ताराम वर खिडकीत उभा राहून वाजवू लागला. कोंडीराम नळापाशी जाऊन उभा राहिला.

"मालनबाई, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला.

"का? तुणतुण्याला पाणी पाजायचंय?"

बायका हसल्या. त्या हसण्याच्या वरून, कोरडा आणि टोकदार, एका तारेचा आवाज खाली आला. कातड्याच्या तुणतुण्याला एक गुबगुबीतपणा असतो. तो याच्यात नव्हता, पण आवाज लांब जात होता. कोंडीरामने वर बघून हात केला. दत्तारामने तिथूनच झील धरली आणि नळावरच्या दोघींनी ती उचलली.

"झालं काम!" दत्ताराम खाली येत ओरडला. "मेल्या, दरवाजा बोलला की रे तुझा!"

त्या आठवड्यात दुसरी पाळी असल्याने शेवंती शनिवारी रात्री उशिरा आली होती; रविवार तिच्या हक्काचा, म्हणून सकाळी ती निवांत उठली. ती सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. चूल पेटवायला गेली तर तिच्यावर सरसाचे भांडे तसेच होते. तिने ते उचलले, हुंगले आणि पुन्हा हुंगले.

"अवो, हे कसलं?"

"सरस. फळी चिकटवायला."

"वास वळखीचा वाटतो. आमच्या गावाला ढोरवाड्याच्या अंगाला असाच वास यायचा. कढवायला लागले की." ती थांबली. "सरस कशाचा करत्यात?"

कोंडीराम खाटेवर बसून तुणतुण्याला तेल लावत होता. त्याचा हात थांबला.

सरस कशाचा करतात हे सुताराला सांगावे लागत नाही. कातड्याची कात्रणे, खूर आणि हाडे उकळून करतात. कोंडीराम पंधरा-सोळा वर्षांचा होता तेव्हापासून सरस वापरत आला होता. गिरणीत त्याची वडी गूळ फोडावा तशी फोडायची, पाण्यात घालायची, तापवायची. ती कातड्याची असते हे त्याला माहीत होते आणि तरी या महिन्याभरात एकदाही त्याच्या मनात आले नव्हते. कातडे घराबाहेर काढून त्याने तेच स्वतःच्या चुलीवर कढवले होते.

"लाकडाच्या आत आहे," शेवंती म्हणाली. "दिसत नाही. मी आपलं विचारलं."

"विचारलंस ते बरं केलंस. पाणी तापत ठेव."

दत्ताराम तुणतुणे न्यायला आला तेव्हा ते गरम पाण्याच्या परातीत तळावर उभे होते. फळीचे दोन पापुद्रे सुटून वर तरंगत होते.

"काय केलंस हे?"

कोंडीरामने सांगितले. दत्तारामने परातीतला एक पापुद्रा उचलून पाहिला.

"तू वेडा आहेस. वाजत होतं! काल सगळ्या चाळीनं ऐकलं! सरस तर या खाटेला आहे, त्या कपाटाला आहे, मग तेही सोडव पाण्यात!"

"खाटेचं बघू मागून. हे मी नवं करतोय. नव्यात नको."

"आणि सभा?"

"रविवारी आहे ना. आज रविवारच आहे. आठवडा आहे मधे."

"लाकूड आहे?"

"एका फळीपुरतं."

दत्ताराम चहा न घेता गेला. कोंडीरामने परातीतले पापुद्रे चुलीत घातले, कारण त्यांत सरस मुरला होता. डबा घासून, तासून कोरडा केला. मग तो विचार करत बसला तो चिकटवायच्या गोष्टींचा. लाख ठिसूळ, ताण पडला की उडते. मैद्याची खळ कागदाला ठीक. शेवंती म्हणाली, "गिरणीत सुताला लावतात ती खळ? सुकली की सूत तारेसारखं होतं. बोटं कापतात आमची."

ती खळ चिंचोक्याच्या पिठाची असे, आणि ती शिजत असे सायझिंग खात्यात, म्हणजे दत्तारामकडे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कोंडीराम तिथे गेला. दत्तारामने त्याला पाहून तोंड फिरवले, मग ऐकून घेतले आणि शिजणाऱ्या खळीकडे बोट दाखवले.

"ने, किती पाहिजे तेवढी."

"ही नको. हिच्यात चरबी घालता तुम्ही, सूत मऊ राहायला. कोरडं पीठ पाहिजे, चरबी पडायच्या आधीचं."

दत्तारामने डोक्याला हात लावला. "अरे देवा. म्हणजे, देव नाही तुझा, पण माझा तरी असू दे. अरे देवा!" आणि दुसऱ्या दिवशी त्याने जॉबरला, खात्याच्या मुकादमाला, विचारून डालड्याच्या डब्यात कोरडे पीठ आणून दिले.

चिंचोक्याची खळ सरसासारखी पटकन धरत नाही. पहिल्यांदा कोंडीरामने लाकडाच्या ढलप्यांवर करून पाहिली. पातळ झाली, सुटली. दुसऱ्यांदा घट्ट शिजवली, तिच्यात शिवणीचा भुसा चाळून घातला. ती धरली. शेवटच्या लाकडातून त्याने दोन पापुद्रे काढले. तिसरा निघण्याइतके लाकूड उरले नाही. पाटा ठेवला, पाट्यावर शेवंतीने तांदळाचा डबा ठेवला आणि कुशाबाने येता-जाता विचारायला सुरुवात केली, "उठलं का पेशंट?"

शनिवारी पाटा काढला. फळी एकजीव झाली होती. तार चढली, पण आवाज आधीपेक्षा बसका होता.

"बसका आहे," दत्ताराम म्हणाला.

"चढव."

"फुटली तर? लाकूड नाय आता."

"तूच चढव. उद्या तुलाच चढवायची आहे, मी तिथं वर नसणार."

दत्तारामने खुंटी पिळली. एकदा, मग थांबून पुन्हा. फळीतून बारीक कुरकुर आली. शेवंतीने पदर तोंडावर धरला. कुरकुर थांबली. दत्तारामने तार छेडली, तेव्हा समोरच्या खोलीतून कुशाबा म्हणाला, "आता पेशंट बोलला."

रविवारी नरे पार्कच्या सभेत दत्तारामने तेच वाजवले. कोंडीराम मुद्दाम कर्ण्यापासून लांब, पार मागच्या भिंतीला उभा होता. डफ वाजत असताना त्याला काही ऐकू आले नाही. डफ थांबून झील आली तेव्हा तार ऐकू आली. शेजारच्या माणसाने त्याला विचारले, "कोण ओळखीचं आहे का वर?" कोंडीराम म्हणाला, "आहे."

पुढच्या आठवड्यात कलापथक प्रचारासाठी कोकणात निघाले. जायच्या आदल्या दिवशी दत्ताराम आला आणि दारातच उभा राहिला.

"खोटं बोलणार नाय. भेंडीबाजारातून एक घेतलंय. कातड्याचं. दोन्ही नेतोय."

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिले.

"ने," कोंडीराम म्हणाला. "पहाटे दव पडतं तिकडं. खळीला ओल चालत नाही. कोरड्या फडक्यात ठेव आणि वाजवून झालं की तार उतरव."

"तुला राग नाय?"

"आहे. तरी फडकं विसरू नको."

दत्ताराम गेल्यावर शिवणीचे लाकूड मिळणे बंद झाले. कोंडीरामने लालबागच्या एका वखारीत जुन्या पेटाऱ्याचे झाकण मिळवले, तेही शिवणीचेच निघाले, आणि त्यातून दुसऱ्या तुणतुण्याचे पापुद्रे काढायला घेतले. दत्तारामचे पत्र आले नाही. पत्र लिहिणाऱ्यांतला तो नव्हता.

मग दत्तारामचा चुलतभाऊ सीताराम गावाहून परतला आणि निरोप सांगायला चाळीत आला. महाडची सभा त्याने पाहिली होती.

"गर्दी मायंदाळ. दत्ता बरा आहे. घसा बसलाय."

"तुणतुणं वाजलं?" कोंडीरामने विचारले.

"वाजलं तर. मी पार मागं होतो, रस्त्यावर. तिथवर येत होतं."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"त्याच्याकडं दोन आहेत. तळ कातड्याचा होता का लाकडाचा?"

सीतारामने आठवून पाहिले. "बत्ती शाहिराच्या तोंडावर होती. दत्ता मागं, काळोखात. तळ कुठला दिसतोय?"

"आवाज कसा होता? कोरडा, का भरलेला?"

"तुणतुण्यासारखा होता," सीताराम म्हणाला.

शेवंतीने त्याला चहा दिला. कोंडीरामने पाट्याखालची नवी फळी बोटाने चाचपली. अजून ओली होती. सीताराम गावाहून निघाला तेव्हा कलापथक महाडहून चिपळूणकडे गेले होते. चिपळूणच्या सभेची बातमी अजून आलेली नव्हती.