एका घासाची शपथ

शुक्रवारी दुपारी, सोळा माणसांसमोर, मटणाच्या एका घासापायी माझ्या नवऱ्याने माझा संसार पणाला लावला. आणि हे काही पहिल्यांदा नाही. बावीस वर्षांत किती वेळा झालं ते मोजणं मी कधीच सोडून दिलंय.

आमच्या कराक गावात पाहुणा "पुरे" म्हणाला की यजमानाने "छे, अजून घ्या" म्हणायचं. माझ्या नवऱ्याचं, फवाझचं, तेवढ्यावर भागत नाही. छातीवर हात आपटून तो ओरडतो, "हे खाल्लं नाहीस तर माझ्या बायकोला तलाक!" त्याच्या बापाची हीच खोड होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. जेवणार दुसरा, आग्रह करणार हा, आणि घराबाहेर पडायचं कोणी? मी!

त्या दिवशी मन्सफ केलं होतं. वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे गोळे रात्रभर भिजवायचे, सकाळी हाताने घासून घासून विरघळवायचे, मग त्या रस्स्यात मटण शिजवून भातावर वाढायचं. बोटांची सालटी निघतात. पुरुषमाणसं बाहेरच्या खोलीत मोठ्या परातीभोवती बसली, आम्ही बायका आत. रस्स्याचं भांडं द्यायला दारापर्यंत गेले, तर काय बघते! माझा पुतण्या कुतैबा, वय वर्षं सोळा, परातीला पाठ करून बसलेला आणि मांडीवर प्लास्टिकचा डबा. डब्यात उकडलेली कोंबडी, पांढरीफटक, आणि हिरव्या ब्रोकोलीचे तुरे.

"हे काय रे?" फवाझने विचारलं.

"माझं जेवण, काका. मोजून आणलंय."

या पोरापुढे आम्ही हात टेकले आहेत. गेल्या वर्षापर्यंत बर्गर आणि तळलेल्या कोंबडीशिवाय घशाखाली काही उतरत नव्हतं. मसुराचं सूप केलं की "म्हाताऱ्यांचं खाणं" म्हणून नाक मुरडायचा. शाळेत पोरं पोटावरून चिडवायला लागली, तसा व्यायामशाळेत जायला लागला. आठ महिन्यांत अकरा किलो उतरला, आणि आता भात म्हणजे विष! अरे, तेव्हाही आमचं नको, आताही आमचं नको, मग आम्ही चुली पेटवायच्या कोणासाठी? माझाही पारा चढला होता, खोटं कशाला बोलू.

फवाझने मांडीचा भला मोठा तुकडा तोडून त्याच्यापुढे सरकवला. "हे खा."

"नको काका, खरंच."

"माझ्या घरात डबा? लोक काय म्हणतील? हा तुकडा तू खाल्ला नाहीस तर माझ्या बायकोला तलाक!"

सगळे हात जागच्या जागी थांबले. कुतैबा कसनुसं हसला. "काका, असं कुठे असतं का?"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" फवाझ म्हणाला.

पोरगा तो तुकडा घेऊन उठला आणि सरळ आत आमच्याकडे आला. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या जावेने, त्याच्या पाठीत धपाटाच घातला. "खा मेल्या! काकूचं घर मोडतोस?"

"खातो गं," तो म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. "काकू, मी खातो, तू घाबरू नकोस." आणि त्याने तो तुकडा तोंडाशी नेला.

मला एकदम आमच्या शेजारचे म्हातारे हाजी सालिम आठवले. पित्ताचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेले, आणि फवाझने त्यांच्यावर अशीच शपथ घातली होती. मी दाराआडून गयावया केली होती, "हाजी, एवढा एकच घास, माझ्यासाठी." त्यांनी खाल्ला, आणि आमच्याच अंगणात गाडीला टेकून ओकले. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. लाज वाटते सांगायला.

"ठेव खाली," मी कुतैबाला म्हणाले.

"पण काकू, तुझं..."

"माझं मी बघते. तुझ्या पोटाचा आणि माझ्या लग्नाचा काय संबंध रे? ठेव!"

जाऊ "अगं बाई" म्हणून मटकन खाली बसली. मी दारात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराने खाल्लं नाही. खाणारही नाही. आता पुढचं तुमचं तुम्ही बघा."

फवाझचं तोंड खडूसारखं पांढरं पडलं. मन्सफ गार पडलं, पाहुणे एकेक करून चपला शोधायला लागले.

संध्याकाळी, तलाक झाला की नाही ते विचारायला, आम्ही ओळखीच्या मुफ्तींकडे निघालो. नवरा की परका हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून मी मागच्या सीटवर, ओढणी घट्ट घेऊन बसले. माझं काय होणार, माहेरी भावाच्या दारात या वयात कुठल्या तोंडाने उभी राहू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मुफ्तींनी सगळं ऐकून घेतलं. "बायकोला सोडायचं मनात होतं का?"

"अल्लाची शपथ, मुळीच नाही!" फवाझ म्हणाला. "पोराने खावं म्हणून बोललो, बस्स."

"मग तलाक झाला नाही. शपथ मोडल्याबद्दल दहा गरिबांना जेवू घाल. आणि यापुढे जीभ आवर."

बाहेर आल्यावर फवाझने हुश्श केलं. लगेच हसायलाही लागला. "उगाच घाबरवलंस चारचौघांत. दही भिजवून ठेव, उद्याच दहा माणसं बोलावू."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"काय?"

"असं बोलल्याने काही होत नाही म्हणून."

"अगं, सगळ्यांनाच ठाऊक असतं ते!" त्याने गाडीचं पुढचं दार माझ्यासाठी उघडून धरलं. "बस."

"मला नव्हतं ठाऊक," मी म्हणाले. "बावीस वर्षं मला कोणी सांगितलं नाही."