तळ्याकाठची पालक

मंजुश्री नांदेडला विद्यापीठात संशोधन करत होती. अहमदपूरजवळ तिच्या थोरल्या बहिणीचं, शिवकांताचं, गाव होतं. त्या गावचं तळं तिने अभ्यासाला घेतलं. तळ्याच्या वरच्या अंगाला पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. ते काम बंद पडलं, पण सगळी घाण ओढ्यातून तळ्यात उतरली होती.

तळ्यातल्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. त्यात राहणारे जिवाणू शिशाला घट्ट बांधून ठेवत, पाण्यात सुटू देत नसत. हे दिसलं तेव्हा मंजुश्रीला फार आनंद झाला होता.

पण उन्हाळ्यात पाणी मागे सरे आणि उघड्या पडलेल्या गाळात बाया भाजी पेरत. शिवकांताही पालक, मेथी करायची. नवरा श्रीशैल लातूरला टेम्पो चालवायचा. घरी ती आणि सात वर्षांची सृष्टी. पालक घरात रोज शिजायची, उरलेली शेजारी जायची.

यंदा मंजुश्रीने वाळलेल्या काठाची माती तपासली. गाळाला हवा लागली की बांधलेलं शिसं सुटत होतं. मग तिने पालक तपासली, तर तिच्यातही शिसं निघालं. तीच तपासणी पुन्हा केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने एसटी धरली.

शिवकांता वाफ्यात बसून जुड्या बांधत होती.

"अक्का, ही भाजी खाऊ नको. कुणाला देऊ पण नको."

"का गं? औषध मारलं न्हाई मी."

मंजुश्रीने सोप्या शब्दांत सगळं सांगितलं; शिसं लेकरांच्या पोटाला आणि डोक्याला कसं बाधतं, तेही. शिवकांताचे हात थांबले.

"सृष्टीचं पोट दुखतंय लई दिवसांपासून," ती म्हणाली. "बाई म्हणत्यात, शिकवलेलं ध्यानात राहत न्हाई तिच्या. मी तिला मारलं गं त्याच्यावरून."

"उद्याच तिला लातूरला दाखवू," मंजुश्री म्हणाली.

लातूरला सृष्टीचं रक्त तपासलं. शिसं खूप निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं, भाजी बंद करायला सांगितलं. "पोटदुखी थांबेल," ते म्हणाले, "पण डोक्यावर जो परिणाम झालाय, तो पूर्ण भरून येईल असं मी सांगू शकत नाही."

परत येताना एसटीत सृष्टी आईच्या मांडीवर झोपली. शिवकांता तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

गावात आल्यावर तिने सगळी पालक उपटली, खड्डा करून पुरली. मग ज्यांच्या घरी जुड्या दिल्या होत्या, त्या प्रत्येक दारात गेली. "लेकराचं रक्त तपासून घ्या," एवढंच सांगायची. कुणी घाबरलं, कुणी तिलाच बोललं. शेजारच्या मल्लम्माने तर दार लावून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात तळं पुन्हा आटलं. शिवकांताने सोडलेल्या जागेत गावातली धोंडाबाई मेथी पेरत होती. शिवकांता धावत गेली.

"धोंडाबाई, सांगितलं होतं ना तुला!"

धोंडाबाईने वर पाहिलं. "हाव, सांगितलंस. पण माझ्याकडं दुसरी जागा हाय का? तू देतीस?"

शिवकांताकडे स्वतःचंच रान नव्हतं. ती तिथेच बांधावर बसली. धोंडाबाई खाली मान घालून बी टाकत राहिली, आणि तिच्या मागे तिची धाकटी पोर ओल्या गाळात हात खुपसून खेळत होती.