उणे तेरा

संख्याशास्त्राच्या बाईंना अख्खं विद्यापीठ सरासरीबाई म्हणायचं. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. स्वभावच असा, की वर्गातला पंखा खडखडायला लागला तरी त्या आवाज चढवायच्या नाहीत. पंखा दमायची वाट बघायच्या.

तो निवडीचा आठवडा होता. या आठवड्यात मुलांनी हव्या त्या वर्गात बसून बघायचं आणि मग आवडेल तो विषय घ्यायचा. अभियांत्रिकीपुढे रांगा लागत, माध्यमविद्येच्या वर्गात तर मुलं खिडकीतून शिरत. सरासरीबाईंकडे आठ जण येत. त्यांतले दोघे निवांत झोप मिळते म्हणून. आठवडा संपेपर्यंत वर्गाचा आकडा विसापर्यंत गेला नाही तर विषय बंद, असा ऑफिसचा हुकूम होता. आणि ऑफिस म्हणजे कोण, तर बाईंची सख्खी नणंद!

"वहिनी, घरात तुमचा शब्द मोठा," नणंदबाईंनी सकाळी चहा गाळता गाळताच बजावलं होतं, "पण ऑफिसात आकडा मोठा. मागाहून डोळ्यांत पाणी आणून वन्सं वन्सं करायचं नाही."

"नाही करणार हो," बाई म्हणाल्या, आणि चहात साखर घालायची विसरल्या. वीस वर्षं शिकवलेला विषय. तो गेला तर उद्यापासून हातांनी करायचं काय, हेच त्यांना कळत नव्हतं.

आकडा मोजायचं काम यंदा दाराकडे होतं. अभियांत्रिकीच्या यंत्रमास्तरांनी प्रत्येक वर्गाला नवं दार बसवलं होतं. फळ्याच्या वर एक यांत्रिक डोळा. उंबऱ्यावर माणसाचा चेहरा दिसला की माणूस आला, पाठ दिसली की गेला. दर वेळी टिंग वाजायचं आणि दारावरच्या पाटीवर आकडा बदलायचा. रोज सकाळी पाटी शून्यापासून सुरू व्हायची आणि दुपारच्या घंटेला तो आकडा आपोआप ऑफिसात जायचा.

त्या दिवशी बाई फळ्यावर आलेख काढत होत्या, तेवढ्यात मागे टिंग झालं. मग टिंग टिंग. मग टिंग टिंग टिंग. मुलं येतायत! वळून बघितलं तर बुजून पळतील, म्हणून त्या माऊलीनं वळायचंच नाही असं ठरवलं. आलेख संपला तरी त्या रेघा ओढतच राहिल्या. शेवटी खडू संपला, तेव्हा वळावंच लागलं.

बाकांवर तेच आठ जण. आणि दारात 'एकीकडे' सर, बाईंना हाक मारावी की नाही हे मनाशी घोळवत मागेपुढे करत.

हे अर्थशास्त्राचे. 'एकीकडे असं, दुसरीकडे तसं' याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नसे. शिवाय 'एकीकडे' म्हणताना ते एक पाऊल पुढे येत आणि 'दुसरीकडे' म्हणताना एक पाऊल मागे जात.

"बाई, तुमचा वर्ग मला तासभर मिळाला तर एकीकडे माझी सोय होईल," टिंग, "पण दुसरीकडे तुमची गैरसोय होईल," टिंग.

बाईंनी पाटीकडे पाहिलं. साठ! त्यांच्या लक्षात आलं. बोलताना समोरच्याला पाठ दाखवायची नाही, अशी सरांची सभ्यता. ते मागेही जात ते तोंड आपलं वर्गाकडेच ठेवून. डोळ्याला दोन्ही वेळा चेहराच दिसे. सरांनी एकट्यानं वर्ग भरवला होता.

तेवढ्यात कायद्याच्या वकीलबाई तरातरा आत आल्या. "साठाची मर्यादा आहे या वर्गाला! कोण मोडतंय नियम?" टिंग. एकसष्ट. आणि त्यांच्यामागे दार धाडकन मिटलं. सर त्यांच्या आडून जेमतेम आत उडी मारून वाचले.

ढकललं, ओढलं, दार हलेना. बाहेर यंत्रमास्तर धावत आले.

"मास्तर, उघडा हे!" वकीलबाई ओरडल्या.

"माणसं कमी झाली की आपोआप उघडेल."

"दार बंद असताना कमी कशी होतील?"

"मग नाही उघडणार. तुम्हीच लिहून दिलंत, मर्यादेपेक्षा जास्त माणसं असताना दार उघडता कामा नये."

"अहो, जास्त माणसं आत येऊ नयेत म्हणून!"

"तसं लिहायचं होतं मग. मी शब्दाला शब्द बसवलाय."

एव्हाना माध्यमविद्येचे सर आपला अख्खा वर्ग आणि कॅमेरा घेऊन बाहेर हजर झाले होते. "बंद दाराआड एकसष्ट जीव!" त्यांचा आवाज भिंतीतून आत आला. "आत नक्की काय शिजतंय?"

"आलेख," आतून एक जण म्हणाला. झोपलेल्यांपैकी होता.

शेवटी वकीलबाईंनीच दाराला तोंड लावून नियमात दुरुस्ती सुचवली. मर्यादा एकसष्ट. नियमदुरुस्ती तीनदा वाचावी लागते, म्हणून त्यांनी ती तीनदा वाचली. दुसऱ्या वाचनाला एकीकडे सरांनी हरकतही घेतली. बाहेर मास्तरांनी बटणं दाबली आणि दार उघडलं.

दारात नणंदबाई! त्यांची नजर वर पाटीवर. वर्गाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी! एकसष्ट! अहो, जिंकलात की! घंटा झाली की विषय पक्का."

घंटेला थोडाच वेळ होता. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. पुढच्या बाकावरची मुलगी डोळ्यांनी विनवतही होती, बाई, गप्प बसा. बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"वन्सं, आकडा खोटा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "यात एक्कावन्न तर हे एकटेच आहेत. आयुष्यभर मुलांना सांगितलं, आकड्याशी खोटं बोलू नका. आता माझ्याच वर्गात खोटा आकडा ठेवला तर मला घास जायचा नाही."

"मग आता?"

"सर, चाललात तसंच आता उलटं चाला. चेहरा डोळ्याला दाखवायचा नाही."

आणि एकीकडे सर निघाले. पाठमोरे आत यायचे, तसेच तोंड बाहेर ठेवून बाहेर जायचे. प्रत्येक पावलाला एक माणूस कमी. बाहेरची मुलं बघायला लोटली. बाई समजावू लागल्या, यंत्र कुठे फसलं, एकच माणूस पुन्हा पुन्हा मोजला की आकडा कसा फुगतो, आणि फुगलेला आकडा ओळखायचा कसा. बोलता बोलता त्या पंख्यापेक्षा मोठ्यानं बोलू लागल्या. पाटीवर अकरा आले. खरे अकरा! आठ मुलं, वकीलबाई, सर आणि त्या स्वतः.

"थांबा सर!"

पण सरांना आता बाहेरचा श्रोतृवर्ग मिळाला होता, आणि वाक्य अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "एकीकडे थांबणं योग्य, परंतु दुसरीकडे..." टिंग, टिंग, टिंग. दोघांनी त्यांना कमरेला धरून थांबवलं, तोवर घंटा झाली.

पाटीवर उणे तेरा.

"रिकामे वर्ग खूप पाहिले, वहिनी," नणंदबाई म्हणाल्या, "पण तुमचा वर्ग तर उधारीवर गेला! उद्या शेवटचा दिवस. पाटीवर वीस दिसले नाहीत, तर माझाही इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या त्या फळ्याकडे तोंड करूनच उभ्या राहिल्या. टिंग झालं. त्या वळल्या नाहीत. हे सर असणार. टिंग, टिंग. सरच. मग मागे बाक सरकल्याचा आवाज आला, कुणी तरी "सरक ना रे जाड्या" म्हणालं, आणि बाईंनी वळून पाहिलं. कालचे सगळे बघे आले होते. कॅमेरेवाल्या सरांचा अर्धा वर्ग तिथे होता.

"बाई, कालचं ते फुगलेल्या आकड्याचं पुढे सांगा ना."

पाटीवर मात्र एकोणीस. माध्यमविद्येची काही मुलं सवयीनं खिडकीतूनच शिरली होती. घंटा जवळ आलेली. नणंदबाई दारात आल्या, पाटी वाचली, आणि राहवेना म्हणून आयुष्यात पहिल्यांदा वर्ग डोळ्यांनी बघायला आत डोकावल्या. टिंग. वीस!

"वहिनी, मी विद्यार्थी धरले जाते का हो?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही वन्सं," बाई म्हणाल्या. "पण कालचे उणे तेराही विद्यार्थी नव्हते."

नणंदबाई फस्सकन हसल्या. मागच्या बाकावर टेकल्या आणि एकेका डोक्यावर बोट नेत मोजायला लागल्या.

"ऑफिसात पाटीवरचा आकडा मोठा ना?" बाईंनी विचारलं.

"गप्प बसा हो, माझी मोजणी चुकेल."

तेवढ्यात दारात सावली पडली. "बाई, एकीकडे अभिनंदन..."

"सर, पाठ!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.