बॉनेटवरचे कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी काळी मोटार आहे. जबलपूरच्या गढा भागात एका पत्र्याच्या शेडखाली उभी असते. माझे धावणे कधीच सुटले, पण रंग बघाल तर तोंडात बोट घालाल. एवढे मात्र खरे की माझ्या बॉनेटच्या मधोमध एक लालसर स्वस्तिक आहे. नवी माणसे त्याला डाग म्हणतात. मला त्याचा फार राग येतो, म्हणून आज सारे सांगूनच टाकते.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या कारखान्यातला. पहिल्या मालकांची बदली झाली आणि मी भय्यासाहेबांच्या दारात आले. भय्यासाहेब तोफगाड्यांच्या कारखान्यात फोरमन होते. घरात पत्नी सरोजिनीबाई आणि एकुलता एक मुलगा श्रीकांत. श्रीकांत फौजेत होता, सुट्टीपुरता घरी यायचा.

भय्यासाहेबांना चकाकीचे भारी वेड. पहिल्याच रविवारी त्यांनी कारखान्यातल्या सवयीने पितळेचे पॉलिश घेतले आणि माझे डावे दार घासून काढले. दार असे लखलखले की ते खूश आणि मीही खूश. मग त्यांनी हातातले फडके उलटून पाहिले. ते काळेकुट्ट झाले होते. तो मळ नव्हता मित्रांनो, तो माझा रंग होता! बिचारे भय्यासाहेब फडके हातात धरून कितीतरी वेळ पायरीवर बसून राहिले. मला रडू आले, पण त्यांचीही कीव आली.

तेव्हापासून ते फार जपून वागू लागले. सदर बाजारातून मेणाचे पॉलिश आणताना दुकानातच डबा उघडून घेत आणि चिमूटभर बोटांत चोळून पाहत. जरा जरी कण टोचला, तरी डबा परत. मला उन्हात कधी हात लावला नाही. आधी सावलीत धुवायचे, कोरडे करायचे, मग जुन्या धोतराच्या फडक्यावर अगदी थोडे मेण घेऊन एकेक भाग गोल गोल चोळायचा. मेण सुकून धुरकट दिसू लागले की दुसऱ्या स्वच्छ फडक्याने हलक्या हाताने पुसायचे. रविवारची ती सकाळ म्हणजे माझे न्हाणेमाखणेच होते. गल्लीतले लोक थांबून बघत आणि मी उगीचच ऐट करी.

एकाहत्तर सालच्या खंडेनवमीला श्रीकांत घरी होता. कारखान्यात यंत्रांची पूजा झाली, घरी माझी. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, त्याला तार आली. सुट्टी रद्द झाली होती. स्टेशनला निघताना सरोजिनीबाईंनी कुंकू पाण्याऐवजी तेलात कालवले, ओघळू नये म्हणून, आणि माझ्या बॉनेटवर बोटाने स्वस्तिक काढले. त्यांचे लक्ष सारखे श्रीकांतकडे जात होते, म्हणून एक फाटा जरा वाकडा आला.

श्रीकांतला आगगाडीत बसवून आम्ही परतलो. कारखान्यात रात्रंदिवस काम सुरू झाले होते. भय्यासाहेबांना मला धुवायला सवड होईना. त्यात ऊन कडक. तेलाबरोबर कुंकू माझ्या रंगात मुरले. पुढे धुतले तेव्हा लाल खूण काही जाईना. भय्यासाहेब चिडले. डाग घासून काढायच्या खरखरीत पॉलिशचा, रबिंगचा, डबा त्यांनी बाजारातून आणला आणि फडके गुंडाळून माझ्यासमोर उभे राहिले. सरोजिनीबाई घरातून धावत आल्या आणि त्यांनी खुणेवर तळहात ठेवला.

"काय करून राहिले जी तुम्ही?"

"अगं, डाग काढून राहिलो. सगळ्या बॉनेटची शोभा गेली."

"लेकरू घरी येईपर्यंत हे पुसायचं नाही."

"मोटार आहे ती. देव्हारा नव्हे!"

"मंग काहून एवढी तिची पूजा करता दर इतवारी?" सरोजिनीबाईंचे डोळे भरून आले. "तुमची मोटार चमकेल हो. माझा जीव कशानं थाऱ्यावर येईल?"

भय्यासाहेबांनी डबा न उघडताच फळीवर ठेवला. 

मग डिसेंबरात लढाई पेटली. ब्लॅकआउटसाठी माझ्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या काचा काळ्या रंगवल्या. श्रीकांतची पत्रे थांबली. सरोजिनीबाई दिवसभर रेडिओपाशी बसत. भय्यासाहेब थकून येत, पण मला मेण लावल्याशिवाय राहत नसत. सगळे अंग फडक्याने पुसत आणि स्वस्तिकापाशी आले की फडके बाजूला ठेवत. बोटाच्या टोकावर मऊ मेण घेऊन त्या रेघांवरून अगदी हळू फिरवत, वाकड्या फाट्यावरूनसुद्धा. ऊन-पाण्याने खूण उडू नये म्हणून त्यांची ही धडपड. त्यांचे बोट गार पडलेले असे. मला त्यांची फार माया येई. पोराची काळजी बापालाही असते, हे मला तेव्हा कळले.

लढाई संपली तरी पत्र नाही. आणि एका रविवारी दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. श्रीकांत उतरला. उजवा हात गळ्यात बांधलेला, अंगात त्राण नाही, पण पायांवर उभा! सरोजिनीबाईंनी त्याला कवटाळले. त्याने आईच्या खांद्यावरून माझ्या बॉनेटवरच्या खुणेकडे पाहिले आणि तो हसला.

"अरे बाबा, ये अभी तक है?"

सरोजिनीबाईंनी डोळे पुसले आणि त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "चलो, आता पुसा हो. माझं लेकरू आलं. आता नाही म्हणणार नाही मी."

भय्यासाहेबांनी फळीवरचा डबा काढला. माझ्यापाशी आले, वाकले, बोट त्या वाकड्या फाट्यावर ठेवले. मग त्यांचे खांदे हलू लागले. इतके दिवस अडवून धरलेले रडू एकदम बाहेर पडले.

"नाही होत गं माझ्यानं," ते म्हणाले. "राहू दे."

डबा पुन्हा फळीवर गेला.

मित्रांनो, आता ते दोघेही नाहीत. श्रीकांत म्हातारा झाला आहे, पण सावलीत खुर्ची टाकून मला मेण लावतो, उजवा हात वर जात नाही म्हणून डाव्या हाताने. तुम्हीही घरच्या जुन्या वस्तू हौसेने चमकवा, जरूर चमकवा. फक्त घासायला घेण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, की ही खूण कुणाच्या हाताची. रबिंगचा तो डबा अजून माझ्यासमोर फळीवर आहे. झाकण गंजून बसले आहे. ते कुणी कधी उघडलेच नाही.