चिगुसाची तिसरी टाकी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नदीपलीकडच्या साकेच्या, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूच्या, कारखान्याने लोकांसाठी दरवाजे उघडले. असं दरवर्षीच होई, पण तोकुझो तिकडे पहिल्यांदाच निघाला होता. तो अलीकडच्या काठावरच्या कारखान्याचा तोजी, म्हणजे साके करणाऱ्यांचा मुख्य. पलीकडची तोजी होती चिगुसा. तिने अकरा हिवाळे त्याच्या हाताखाली काढले होते. तांदूळ धुतले, भात वाफवला, पिंपं घासली. आंबवणाला मात्र त्याने तिला कधी हात लावू दिला नाही. शेवटी ती पलीकडे गेली आणि गेल्या वर्षी तिच्या साकेला सुवर्णपदक मिळालं. तोकुझोला तीस वर्षांत ते एकदाही मिळालं नव्हतं.

"चेहरा जरा बरा करा," पुलावरचा बर्फ तुडवत त्याची बायको मित्सुए म्हणाली. "मयताला निघाल्यासारखे दिसताय."

"थंडी आहे म्हणून."

"थंडी मलाही वाजतेय."

अंगणात रांग लागली होती. रांगेतली निम्मी माणसं अलीकडच्याच गावची होती. त्याचा न्हावीसुद्धा तिथे उभा होता. त्याला पाहून न्हाव्याने घाईघाईने मान वाकवली.

चिगुसा स्वतः बाहेर आली. हात थंड पाण्याने लालभडक झालेले. "तोजी, तुम्ही आलात? या ना. तिसरी टाकी कालच गाळली. यंदा स्पर्धेला तीच पाठवायची म्हणतेय. आधी तुम्ही चाखा."

तळाशी निळी वर्तुळं असलेल्या पांढऱ्या पेल्यात तिने साके ओतली. तोकुझोने वास घेतला. पिकल्या नाशपतीचा, अगदी हलका. मग घोट जिभेवर फिरवला. तो खोट शोधायलाच आला होता, आणि खोट सापडेना. साके जिभेवरून सरकली आणि मागे काही न ठेवता नाहीशी झाली. असा शेवट साधायला त्याने उभा जन्म घालवला होता. चाखून झाल्यावर घोट बादलीत थुंकायचा असतो हे विसरून तो ती गिळून बसला.

"शेवटी जरा कडवट लागते," तो म्हणाला. "गाळायला एक दिवस उशीर केलास, पोरी."

चिगुसाचा चेहरा उतरला. तिने स्वतः घोट घेतला, पुन्हा घेतला. "मला कळलं नाही," ती हळूच म्हणाली आणि आत गेली.

तोकुझोला क्षणभर बरं वाटलं. मित्सुए त्याच्याकडे टक लावून बघत होती.

थोड्या वेळाने कोळशाच्या भुकटीची गोणी खांद्यावर घेऊन एक कामगार टाक्यांकडे जाताना दिसला. तोकुझो चरकला. कडवटपणा काढायला ती कोळसा टाकणार होती. कडवटपणा नव्हताच, म्हणजे जाणार होता तो नाशपतीचा वास. तो कामगाराला ओलांडून आत धावला. चिगुसा तिसऱ्या टाकीपाशी शिडीवर उभी होती.

"कोळसा टाकू नकोस."

"तुम्हीच तर म्हणालात."

"खोटं बोललो. त्या साकेत काही खोट नाही."

ती शिडीवरून खाली उतरली. "का बोललात खोटं?"

"मला अशी कधी जमली नाही म्हणून."

चिगुसाने शिडी बाजूला सारली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. तुमच्या जिभेवर माझ्या जिभेपेक्षा जास्त विश्वास ठेवला." तिने कामगाराला गोणी परत न्यायला सांगितली. "आता तुम्ही जा, तोजी. बाहेर लोक थांबलेत."

मित्सुएने दोन बाटल्या घेतल्या होत्या. घरी एक उघडून ती चवीने प्यायली. तोकुझोने पेला पुढे केला नाही.

मे महिन्यात तिसऱ्या टाकीला सुवर्णपदक मिळालं. तोकुझोने अभिनंदनाचं पत्र चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा फाडलं. शेवटी मित्सुएनेच ते लिहिलं. त्याने खाली सही केली आणि ते स्वतः टपालात टाकून आला.