पाणी निवतंय

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्याने बोलण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही. मी एक जुना तामचिनीचा टब आहे. मागच्या दारी, नळाशेजारी पालथा पडून असतो. पोटाला गंज चढला आहे आणि तळाच्या भोकातून मुंग्या ये-जा करतात. मी त्यांना काही म्हणत नाही. कोणाचा तरी उपयोग होतोय म्हणायचा!

पत्रा ठोकून ठोकून मला गोल केले, पांढरा लेप दिला आणि भट्टीत भाजून काढले. वर निळी किनार काढली, तेव्हा मी अंमळ फुगलोच होतो. दुकानातून मला घेतले ते एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची अंघोळ माझ्यातच व्हायची.

दर रविवारी त्या चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हा धडा आला की मला काखोटीला मारून नेत. कमरेला टॉवेल बांधून एखाद्या मुलाचे मातीने भरलेले पाय खरोखरच धूत. एरवी गोंगाट करणारा वर्ग चिडीचूप होई. बाईंचे कौतुक होई आणि थोडेफार माझेही.

वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या. पती वारले. घरात प्लास्टिकचा टब आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तेथून मला खालचे सगळे दिसत असे. मुलाचे लग्न झाले. तो ट्रक चालवायचा, महिन्यातले फार थोडे दिवस घरी असायचा. सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर उभ्याने ओल्या चादरी उपसून ती संध्याकाळी घरी आली की आधी भिंतीला टेकून जमिनीवर बसायची आणि मगच स्वयंपाकाला उठायची. बाईंना शिकलेली सून हवी होती. दोघी समोरासमोर जेवत, पण बोलणे मिठाच्या आणि पाण्याच्या पुढे जात नसे.

बाईंना साखरेचा आजार होता, पण कोणाच्या उपकारात राहायचे नाही, हा त्यांचा बाणा. चर्चमध्ये त्या खणखणीत आवाजात साऱ्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत. स्वतःसाठी कधी कोणाकडे शब्द टाकला नाही.

एके दिवशी कपडे भिजवताना सुनेला बाईंच्या मोज्यावर डाग दिसला.

"आई, हे काय लागलंय मोज्याला?"

"काही नाही. चप्पल चावली."

"बघू पाय."

"लोकांच्या चादरी धुतेस तेवढं पुरे. माझ्या पायाला हात लावायचा नाही."

सून इतकी दमलेली होती, की तिने वाद घातला नाही. पुढच्याच आठवड्यात बाईंना सणकून ताप भरला. डॉक्टरांनी मोजा काढला, तर दोन बोटे काळी पडलेली. ती कापावी लागली. "रोज कोमट पाण्याने पाय धुऊन पट्टी बदला. हयगय झाली, तर पुढच्या वेळी घोट्यापासून काढावा लागेल," त्यांनी बजावले.

प्लास्टिकचा टब तडकला होता, म्हणून सुनेने मला खाली काढले, घासून स्वच्छ केले आणि बाईंच्या खुर्चीपुढे ठेवले. बाईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"माझं मी करीन."

"वाकता तरी येतंय का तुम्हाला?"

त्या वाकू लागल्या. हातातला पाण्याचा मग निसटला, पाणी सगळ्या फरशीवर. सुनेने फरशी पुसली, नवे पाणी तापवून आणले आणि पुन्हा माझ्यापुढे बसली. बाई माझ्या निळ्या किनारीकडे पाहत राहिल्या.

"या टबात किती पोरांचे पाय धुतले गं मी. पण दर वेळी धुणारी मीच. पाय पुढे करणाऱ्याला कसं वाटत असेल, हे कधी मनातच आलं नाही."

"पाणी निवतंय, आई," सून म्हणाली. "पाय द्या."

बाईंनी पाय पुढे केला. जखमेला वास येत होता, तरी सुनेने तोंड फिरवले नाही. बाईंची प्रार्थना नेहमी लांबलचक असे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि एवढेच म्हणाल्या, "प्रभू, ही फार दमली आहे."

सुनेचा हात पाण्यातच थांबला. मग ती रडली. किती दिवसांचे साठलेले होते कोण जाणे.

काही दिवसांनी पाळकसाहेब चर्चमधल्या चार माणसांना घेऊन घरी आले. "कोणासाठी प्रार्थना करू या, बाई?" त्यांनी विचारले. बाईंनी चादर बाजूला केली आणि पट्टी बांधलेला पाय सगळ्यांसमोर स्टुलावर ठेवला.

"आज माझ्यासाठी करा. मी देवाच्या घरी जन्मभर ताठ मानेनं उभी राहिले, आणि माझ्या घरात ही मोडून पडत होती ते मला दिसलं नाही. हिला थोडी मदत हवी आहे. ती मी मागते."

चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींपैकी दोघी दुसऱ्या दिवसापासून पाळीपाळीने पट्टी करायला येऊ लागल्या. सून संध्याकाळी घटकाभर आडवी होऊ लागली. बाईंचा पाय वाचला. काठी टेकत त्या पुढे काही वर्षे हिंडल्या-फिरल्या, आणि एका सकाळी झोपेतच गेल्या. त्यानंतर मीही गळू लागलो.

मित्रांनो, मला पुन्हा घासून लख्ख करा, असे मी म्हणत नाही. माझे आता झाले. पण तुमच्या घरात सगळ्यांचे करता करता कोणी थकले असेल, तर त्याने सांगायची वाट पाहू नका. आणि कोणी तुमचे करायला बसले, तर संकोचाने दूर सरू नका. देवापुढे गेलात, की सगळे ठीक आहे असेही त्याला सांगत बसू नका. जे दुखते आहे तेच त्याच्यापुढे करा. त्याला वाकायची लाज वाटत नाही.